सात मिनिटे पुढचे घर

"आमच्या व्याहीबुवांनी एका सकाळी लॅपटॉपच्या पोटात हात घातला आणि तो बंद पाडला. मुलीची मुलाखत त्याच दुपारी. मी जळगावहून दुरुस्तीवाला गाडीत घातला आणि धुळे गाठले. त्याने मागचे झाकण उघडले, आतला नाण्याएवढा सेल काढला, पुसला, परत बसवला आणि लॅपटॉप सुरू! पाच मिनिटांचे काम. आमचे व्याहीबुवा तोवर घरभर एक कागद शोधत होते."

हे निवेदन माझे व्याही प्रल्हादराव यांचे आहे. मागच्या लग्नसराईत जळगावला एका साखरपुड्याच्या पंगतीत, माझ्यापासून तीन पाने सोडून बसून, त्यांनी ते वाढप्यांसह सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात केले, आणि पंगत हसली. मीही हसलो, कारण सुनेच्या वडिलांशी भर पंगतीत वाद घालण्याची रीत नाही; पण हातातला घास ताटात ठेवून मनाशी एवढे ठरवले की याचे उत्तर लेखी द्यायचे. प्रल्हादराव बँकेत शाखाधिकारी होते. त्यांना लेखी उत्तराचे महत्त्व मी सांगायला नको. त्यांच्या निवेदनातले पहिले वाक्य खरे आहे, ते मी नाकारत नाही. मुलाखत त्याच दुपारी होती, हेही खरे. दुरुस्तीवाला गाडीत घातला, खरे. मी कागद शोधत होतो हे तर इतके खरे आहे की त्याचा मला अभिमान वाटतो. राहिले सेलचे वाक्य. या प्रकरणाचा विषय ते एक वाक्य आहे.

माझा मुलगा मिलिंद याने माझ्या आत्मकथनाचे हे प्रकरण वाचून एक हरकत घेतली, तीही येथेच निकालात काढतो. तो म्हणाला, "आबा, हा भाग तुमच्या घडणीच्या दिवसांचा आहे, पाचोऱ्याचा. त्यात लॅपटॉप कुठून आला? तेव्हा तुम्ही एकाहत्तर वर्षांचे होतात." माझे उत्तर असे की माणसाची घडण कोणत्या वर्षी संपली हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. माझी पाचोऱ्याला सुरू झाली आणि त्या सोमवारी दुपारी, धुळ्याला देवपूरच्या घरात, पापडाच्या डब्यापाशी पूर्ण झाली. मधली वर्षे मी फक्त नोकरी केली.

पाचोऱ्याला स्टेशनाच्या रस्त्यावर माझ्या वडिलांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. दुकान कसले, भिंतीतला एक कोनाडाच तो; समोर काचेची पेटी, मागे वडील आणि त्यांच्या मागे मी. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळे टांगलेली असत आणि प्रत्येक आपापली वेळ दाखवी. बारा वाजण्याचा समारंभ आमच्याकडे अर्धा तास चाले. पहिले घड्याळ ठोके देऊन थकले की दुसरे सुरू होई, मग एखादे घोगऱ्या आवाजाचे, आणि या सगळ्यांवरून इंजिनाची शिट्टी. आजही मला शांत खोलीत झोप येत नाही, ती त्यामुळे. वडिलांचा एक नियम होता. घड्याळ आले की पहिल्या दिवशी ते फक्त बघायचे आणि त्याची नोंद करायची: कोणता स्क्रू किती फेरे आत आहे, काटे कोठे थांबले आहेत, कोणते चाक कोणत्या बाजूला झुकले आहे. शेजारी आकृती काढायची. हात लावायचा तो दुसऱ्या दिवशी. "बिघडलेली वस्तूसुद्धा आपली एक व्यवस्था घेऊन आलेली असते," ते म्हणत, "ती आधी लिहून घे. तुझ्या हाताने जास्त बिघडली, तर निदान पहिल्याइतकी बिघडलेली तरी परत करता येईल."

बारा वर्षांचा असताना मी हा नियम मोडला. एका गिऱ्हाइकाचे गजराचे घड्याळ, वडील जळगावला गेलेले पाहून, आलेल्या दिवशीच उघडले. त्यातली स्प्रिंग निसटून समोरच्या पानवाल्याच्या कातात पडली, एवढे सांगितले म्हणजे पुरे. वडिलांनी हात उगारला नाही. त्यांनी सगळे सुटे भाग एका पितळी थाळीत काढले आणि त्या दिवसापासून ती थाळी दोन्ही वेळा माझ्या ताटाशेजारी मांडायला लावली. आई भाकरी वाढी, वरण वाढी, आणि शेजारी ती चाकांची थाळी. जेवण झाले की हात धुऊन बसायचे आणि जुळवायचे. एकविसाव्या दिवशी ते घड्याळ ऐन जेवणाच्या वेळी वाजले आणि आईने दचकून पळीभर वरण माझ्या मांडीवर सांडले. तेव्हापासून मी नोंद केल्याशिवाय कोणतीही वस्तू उघडलेली नाही. पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आरेखनाचा निदेशक म्हणून नोकरी केली, तीही याच सवयीच्या बळावर. माझे विद्यार्थी मला मागे काय म्हणत ते मला ठाऊक आहे. पण त्यांच्या आकृत्या चुकत नसत.

आता सात मिनिटे. आमचे पाचोऱ्याचे घर स्टेशनापासून चालत सात मिनिटांवर होते, आणि भुसावळकडच्या सकाळच्या गाडीने घरातले कोणी ना कोणी रोज जात असे. माझ्या आईने, जिला घड्याळ वाचण्यापलीकडे अक्षरओळख नव्हती, घरातले घड्याळ कायमचे सात मिनिटे पुढे लावून टाकले. तिचा युक्तिवाद मला अजून निर्दोष वाटतो. ती म्हणे, आपल्या भिंतीवर दिसते ती स्टेशनावर पोचण्याची वेळ. घरी बसून घरातली वेळ कोणाला हवी आहे? त्या घरातून कोणाची गाडी चुकली नाही. धुळ्याला देवपुरात मी घर बांधले तेव्हा स्टेशन पार लांब, नदीपलीकडे राहिले आणि रोजची गाडीही उरली नाही. पण सात मिनिटे मी सोबत आणली. दिवाणखान्यातले, स्वयंपाकघरातले, माझ्या मनगटावरचे, सगळी घड्याळे सात मिनिटे पुढे. माझी पत्नी विमल शिंदखेड्याकडची. तिने लग्नानंतर महिनाभर विरोध केला आणि मग माझ्यापेक्षा कडक झाली. सून स्वाती घरात आली त्या दिवशी तिने आपल्या मोबाइलकडे आणि भिंतीकडे आळीपाळीने पाहून हळूच विचारले होते, "आबा, आपलं घड्याळ पुढे आहे का?" मी म्हणालो, "नाही. गाव मागे आहे." ती हसली. ही मुलगी या घरात टिकणार, हे मी तेव्हाच ओळखले. मोबाइलपुढे मात्र मी हरलो होतो. तो वेळ वरून कोठून तरी आणतो आणि कोणाचे ऐकत नाही.

लॅपटॉप मुळात मिलिंदचा, जुना, पण दणकट. मिलिंदची नोकरी जळगावला. सोमवारी पहाटे जायचा, शुक्रवारी रात्री यायचा. म्हणून लॅपटॉप स्वातीच्या टेबलावर असे. सकाळी सहा ते आठ माझा ताबा. त्या वेळात मी हे आत्मकथन टंकलिखित करीत असे. त्याच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली वेळ दिसते. ती खरी वेळ होती, म्हणजे माझ्या घरात चुकीची. मी ती सात मिनिटे पुढे करी आणि दुसऱ्या दिवशी इंटरनेट जोडले की ती पुन्हा मुकाट्याने मागे आलेली असे. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, रोज. आठ दिवस मी हा अपमान सहन केला. मग स्वातीला विचारले. ती म्हणाली, "आबा, त्याच्या मुळाशी एक वेगळं पान असतं, फर्मवेअरचं. सुरू होताना एक कळ दाबून धरली की ते उघडतं. तिथलं घड्याळ म्हणजे यंत्राचं स्वतःचं. पण त्या पानाला हात लावू नका हं." या उत्तराचे दोन भाग होते. मी पहिला लक्षपूर्वक ऐकला.

रविवारी मी फक्त नोंद केली. वडिलांच्या नियमाप्रमाणे. एप्रिल संपला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरचे एप्रिलचे पान फाडून त्याच्या कोऱ्या पाठीवर मी फर्मवेअरच्या त्या पानाची हुबेहूब आकृती काढली, चौकटीला चौकट, आणि प्रत्येक ओळीत काय लिहिले आहे ते देवनागरीत उतरवले. इंग्रजी मला येते. पण यंत्राजवळची नोंद घाईत वाचायची असते आणि घाईत माणूस आपल्याच लिपीत वाचतो. एकूण अकरा ओळी. आरेखकाची अक्षरे, शाईची. तो कागद मी टेबलावर ठेवला आणि हात लावणे दुसऱ्या दिवसावर टाकले. प्रल्हादरावांनी "पोटात हात घातला" असा शब्दप्रयोग केला आहे. हात घालण्याआधी एक अख्खा रविवार मी नोंदीत घालवला, हे त्यांच्या पंगतीला सांगायचे राहून गेले.

सोमवारी सकाळी मी यंत्राच्या मुळाचे ते पान उघडले आणि यंत्राचे घड्याळ सात मिनिटे पुढे केले. येथेच थांबलो असतो तर हे प्रकरण लिहावे लागले नसते. पण खालच्या एका ओळीत लॅपटॉपने सुरू कसे व्हावे याच्या दोन पद्धती दिल्या होत्या, एक नवी आणि एक जुनी. आणि खूण नवीवर होती. मी विचार केला: यंत्र जुने, त्याला नव्या पद्धतीचा ताण कशाला? जुनीवर खूण केली, बदल जतन केले आणि बाहेर पडलो. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली. तिचा अर्थ असा की सुरू होण्याजोगी डिस्क कोठे सापडत नाही. ही माझी पहिली चूक, मी ती कबूल करतो. दुसरीही करतो: घाबरून मी पुन्हा त्या पानात गेलो आणि 'सगळे कारखान्यातल्यासारखे करा' अशा अर्थाची जी कळ असते ती दाबली. घड्याळाला ती कळ स्पर्श करीत नाही; बाकी सगळे मूळ ठिकाणी नेते. मला वाटले, संपले. लॅपटॉप सुरू होऊ लागला, थोडा वेळ विचारात पडला आणि मग निळा पडदा आला. त्यावर एक रडवेला चेहरा. पुन्हा केले, पुन्हा तोच चेहरा.

स्वाती चहा घेऊन आली ती नेमकी तेव्हा. तिची ओळख मी अजून नीट करून दिलेली नाही. आरेखनाची पदविका तिने पहिल्या वर्गात मिळवली होती आणि लग्नाआधी जळगावला एका वास्तुविशारदाकडे इमारतींचे नकाशे करीत असे. मग नातीचे संगोपन, आमची आजारपणे, आणि बघता बघता आठ वर्षे गेली. त्या दुपारी साडेतीन वाजता पुण्याच्या एका कंपनीचे लोक इंटरनेटवरून तिची मुलाखत घेणार होते. नुसत्या गप्पांची नव्हे. आपल्या पडद्यावर त्यांच्या देखत एक नकाशा दुरुस्त करून दाखवायचा होता. नकाशे काढण्याची ती प्रणाली आणि तिची सगळी जुनी कामे याच लॅपटॉपात. गेले दोन महिने ती भर दुपारी, घर झोपलेले असताना, सराव करीत होती. आठ वर्षांनी आलेली पहिली मुलाखत होती ती, आणि त्यांनी वेळ बदलून मिळणार नाही असे आधीच कळवले होते.

तिने पडद्याकडे पाहिले. कप खाली ठेवला. ओरडली असती तर बरे झाले असते.

"आबा, त्या पानात गेला होतात?"

"गेलो होतो."

"आधी लिहून ठेवलं होतं ना?"

"म्हणजे काय! अकरा ओळी."

"मग द्या. होत्या तशा भरून टाकू."

मी टेबलावर हात टाकला. कागद नव्हता.

पुढचे तीन तास मी काय केले ते प्रल्हादरावांनी सांगितलेच आहे. गादीखाली पाहिले, रद्दीत पाहिले, देवघराच्या खणात पाहिले. मिलिंदला फोन केला. तो म्हणाला, "डिस्क एकदा बदलली होती, तेव्हा त्या माणसाने आत काहीतरी वेगळं लावलं होतं. काय ते आठवत नाही." म्हणजे कारखान्याची मांडणी या डिस्कला चालत नव्हती आणि चालणारी मांडणी फक्त माझ्या कागदावर होती. गच्चीवर विमलने वाळवण घातले होते. मे महिना, धुळ्याचे ऊन. पापड वाळून झालेले, आता ज्वारीचे बिबडे प्लास्टिकवर पसरलेले. मी तेथेही जाऊन प्लास्टिक उचलून पाहू लागलो, तेव्हा जिन्यातून विमलचा आवाज आला. रागावली की ती प्रमाण मराठी सोडून आपल्या माहेरच्या अहिराणीवर येते.

"बिबडास्ना खाले काय शोधतस?"

"कागद. आकृती काढलेला. मोठा."

"मी नही देखा कोणताच आकृतीना कागद. आनि त्या लॅपटॉपले कसाले हात लावा तुम्ही? पोरनी आज परीक्षा शे ना!"

"मी विचारपूर्वक हात लावला."

"विचार करा, आनि बठ्ठं घर डोकावर लिधं!"

म्हणजे विचार केला, आणि सगळे घर डोक्यावर घेतले. तिच्याशी त्या भाषेत वाद घालून मी कधी जिंकलेलो नाही. माझी प्रमाण मराठी तिच्यापुढे फार सावकाश चालते.

स्वातीने तोवर वडिलांना फोन केला होता. जळगाव ते धुळे रस्ता प्रल्हादरावांनी कसा कापला ते त्यांनाच माहीत. साडेबाराच्या सुमारास गाडी दारात उभी राहिली. त्यांच्याबरोबर हेमंत नावाचा दुरुस्तीवाला होता, पस्तिशीचा, अबोल, गळ्यात रुमाल आणि हातात स्क्रूड्रायव्हरची छोटी पेटी. प्रल्हादरावांनी चपला काढण्याआधीच विचारले, "काय व्याहीबुवा, पेशंट कुठे आहे?"

"आत आहे. मी त्याची केस नोंदवलेली आहे."

"कुठे आहे नोंद?"

"शोधतो आहे."

"वा! म्हणजे पेशंट आहे, डॉक्टर आहे, फक्त केसपेपर हरवला." आणि ते हसले. हे हसणे मी पुढे पंगतीत पुन्हा ऐकले.

हेमंत लॅपटॉप घेऊन दाराबाहेरच्या ओट्यावर गेला. उजेड तिकडे चांगला होता. आम्ही बाकीचे आत, कारण व्याही दारात आल्यावर घरातली कोणतीही आपत्ती त्यांच्या पाहुणचारानंतर येते. पाणी, मग सरबत, मग ख्यालीखुशाली. स्वाती दोनदा ओट्यापर्यंत जाऊन परत आली. थोड्या वेळाने हेमंत आत आला आणि म्हणाला, "सेल काढून परत बसवला, काका. तरी तोच पडदा. आता एकच उपाय, सगळं पुसून नवीन टाकावं लागेल."

"सगळं म्हणजे?" स्वातीने विचारले.

"सगळं. आत जे आहे ते जाईल. आणि वेळ लागेल, दोन-तीन तास."

वाचकांनी हे लक्षात ठेवावे. सेलचे वाक्य उच्चारले गेले तेव्हा लॅपटॉप बंद होता आणि ते उच्चारून झाल्यावरही बंद होता. प्रल्हादरावांनी त्यातले 'सेल काढून परत बसवला' एवढे ऐकले, कारण पुढचे वाक्य चालू असताना विमलने पाने वाढली असे सांगितले. स्वाती म्हणाली, "पुसायचं नाही. मी फोनवरून त्यांना कळवते की जमत नाही." तिने हे इतक्या सरळ आवाजात म्हटले की मी खाली पाहिले. एकाहत्तराव्या वर्षी माझ्या ताटाशेजारी पुन्हा ती पितळी थाळी मांडली होती.

जेवणाला शेवभाजी होती, पोळ्या, कढी आणि आंब्याचा रस. प्रल्हादरावांना रस फार आवडतो; ते वाटीने नव्हे, तांब्याने मोजतात. विमल पापड भाजून आणीत होती आणि पापड संपले म्हणून नवा डबा तिने पानाजवळच उघडला. आमच्याकडे उन्हाळी पापडांच्या डब्याला तळाशी कॅलेंडरचे पान घालतात. जाड असते, गुळगुळीत असते, ओल धरत नाही. डबा अर्धा रिकामा होता, आणि तळाशी मला महिन्याचे नाव दिसले.

"मार्च," मी म्हणालो.

"काय मार्च?" प्रल्हादरावांनी रसातून वर पाहिले.

"विमल, या डब्यात मार्च आहे. मग एप्रिल कोणत्या डब्यात आहे?"

ती म्हणाली, "एप्रिल विहीणबाईंच्या डब्यात. काल संध्याकाळी भरला. पहाटे मिलिंद घेऊन गेला ना."

"त्याच्या मागे आकृती होती!"

"मागं कोण बघतं? पुढं तारखा होत्या, महिना गेलेला होता. कागद वाया घालवू नका असं तुम्हीच सांगता."

सकाळपासून मी आकृती असलेला कागद विचारीत होतो आणि ती खरेपणाने नाही म्हणत होती, कारण तिने एप्रिल महिना पाहिला होता. त्या एका पानाला दोन बाजू होत्या आणि आम्ही दोघे एकेक बाजू धरून भांडत होतो. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात हे नवे नाही.

स्वाती उष्ट्या हातानेच उठली आणि डाव्या हाताने जळगावला आईला फोन लावला. विहीणबाईंकडे बटनांचा साधा फोन. कागदाचे छायाचित्र काढून पाठवणे शक्य नव्हते, कारण घरातला दुसरा फोन प्रल्हादरावांच्या खिशात, धुळ्याला. विहीणबाई पापडांनी हरखल्या होत्या. आधी त्यांना विमलशी मिठाबद्दल बोलायचे होते. ते झाल्याशिवाय स्वातीला डबा उलटा करा असे सांगता येईना. अखेर पापड परातीत ओतल्याचा आवाज आला, मग कागद झटकल्याचा. हे सगळे होईपर्यंत प्रल्हादराव हात धुऊन, तीन वाट्या रस पोटात घेऊन, बंगईवर, म्हणजे आमच्या झोपाळ्यावर, जाऊन आडवे झाले होते. बंगईच्या कड्या दोनदा कुरकुरल्या आणि थांबल्या.

"केवढं सुंदर लिहेल आहे गं," विहीणबाईंचा आवाज खोलीभर घुमला, कारण स्वातीने फोन मोठ्याने ऐकू येईल असा केला होता. "कोणी लिहेल आहे हे?"

"आबांनी. आई, वाच. पहिल्या ओळीपासून."

हेमंतने लॅपटॉप टेबलावर आणून ठेवला आणि तो बाजूला उभा राहिला. स्वातीने कळ दाबून ते पान उघडले. मी मागे उभा होतो, हात मागे बांधून. पहिली ओळ वाचली गेली, पडद्यावर तीच होती. दुसरी तीच. तिसरी तीच, चौथी तीच. पाचव्या ओळीला विहीणबाई अडखळल्या, मग एकेक अक्षर सुटे करून वाचू लागल्या: "डिस्कची पद्धत. ए. एच. सी. आय. हे काय असतं गं?"

पडद्यावर पाचव्या ओळीत दुसरेच काहीतरी होते.

हेमंत पुढे वाकला. "हेच," तो हळूच म्हणाला. "हे मला कुठून कळणार होतं?" तो प्रामाणिक माणूस आहे, सेलबद्दल तो जे म्हणाला ते त्याने घाईत, व्याह्यांच्या दडपणाखाली म्हटले असावे. माझे त्याच्याशी भांडण नाही. स्वातीने ओळ बदलली, जतन केली आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. काळा पडदा, छोटे फिरणारे वर्तुळ. आम्ही तिघेही पडद्यावर वाकलो. फोनवर विहीणबाई विचारीत होत्या की सहावी ओळ वाचू का. आणि मग त्यांच्या नातीचा, म्हणजे आमच्या ईशाचा, बिबडे खातानाचा फोटो पडद्यावर आला. लॅपटॉप जागा झाल्याचा तो टणत्कार झाला आणि त्याने प्रल्हादराव बंगईवर उठून बसले. त्यांना दिसले ते एवढे: लॅपटॉप चालू, शेजारी हातात स्क्रूड्रायव्हर धरलेला त्यांचा माणूस. "झाला ना? मी सांगितलं होतं!" ते म्हणाले. त्या क्षणी त्यांना दुरुस्त करायला कोणालाही वेळ नव्हता. स्वातीला ओढणी बदलून टेबलाशी बसायचे होते. येथून त्यांच्या निवेदनाचा जन्म झाला.

मुलाखत झाली. आम्ही सगळे स्वयंपाकघरात बसलो होतो. हेमंतलाही विमलने रस दिला. दाराआडून फक्त माऊसचे टिकटिक ऐकू येई, पाचोऱ्याच्या दुकानातल्यासारखे. स्वाती आज त्याच टेबलावरून त्या कंपनीचे काम करते. मी हे प्रकरण सकाळी सहा ते आठ या माझ्या वेळात त्याच लॅपटॉपवर लिहितो आहे. कोपऱ्यातली वेळ खरी आहे, म्हणजे चुकीची. इंटरनेट जोडले गेल्याबरोबर माझी सात मिनिटे तिने पुसून टाकली आणि मी पुन्हा त्या पानात गेलेलो नाही. एप्रिलचे पान विहीणबाईंनी तेलाच्या डागासकट परत पाठवले. ते मी चौकटीत लावले आहे. मिलिंद म्हणतो, अतिरेक आहे. पण चौकटीवरची धूळ स्वातीच पुसते.

आता प्रल्हादरावांच्या सेलच्या वाक्याकडे येतो. तो नाण्याएवढा सेल यंत्राच्या स्वतःच्या घड्याळासाठी असतो. लॅपटॉप उघडून मोठी बॅटरी सोडवली आणि तो सेल बाहेर काढला की ते घड्याळ आपली वेळ विसरते. परत बसवल्यावर त्यात कारखान्यातली कसली तरी जुनी तारीख आणि भलतीच वेळ दिसते. हे घड्याळजीच्या मुलाला शिकवावे लागत नाही. प्रल्हादराव म्हणतील, त्या वेळी मुळाच्या पानावर काय दिसत होते याला साक्षीदार कोण? साक्षीदार ते स्वतः आहेत, जरी ते झोपलेले होते. विहीणबाई पाचवी ओळ वाचीत असताना स्वातीने त्या पानाच्या वरच्या कोपऱ्यातल्या, यंत्राच्या स्वतःच्या घड्याळाकडे पाहिले आणि दचकून म्हणाली, "आबा, तीन बावीस झाले!" मी भिंतीकडे पाहिले, तेथेही तीन बावीसच. मग मी बंगईकडे वळलो. प्रल्हादरावांचा डावा हात बंगईच्या कडेवरून खाली लोंबत होता आणि त्या मनगटावर त्यांचे ते घड्याळ होते, जे कधी एक मिनिटही चुकत नाही असे ते प्रत्येक पंगतीत सांगतात. त्यात तीन वाजून पंधरा मिनिटे झाली होती.